कावडीखालचा दुसरा खांदा

कडेनाथ महाराज त्या काळी खडकवणीत होते. भस्मेश्वराच्या डोंगराचा कडा जिथे गावाला येऊन टेकतो, तिथल्या एका कपारीत त्यांनी आसन मांडले, म्हणून लोक त्यांना कडेनाथ म्हणू लागले. मूळचे नाव कोणी विचारले नाही आणि महाराजांनीही सांगितले नाही. आल्यागेल्याला गार पाणी द्यावे, दोन शब्द गोड बोलावेत आणि उरलेला वेळ नामात घालवावा, एवढाच त्यांचा संसार. पण माणूस समोर येऊन बसला की त्याच्या पोटातले दुःख त्यांना न सांगता कळायचे.

खडकवणीला मोठा अभिमान तिच्या कावडीचा. चैत्रात नदीचे पाणी तांब्याच्या दोन मोठ्या हंड्यांत भरायचे, ते जाड सागवानी दांड्याच्या दोन टोकांना बांधायचे आणि उभ्या घाटाने डोंगरमाथ्यावर देवाच्या अभिषेकाला न्यायचे. घाटाला पायऱ्या नाहीत. माणसे हातात हात गुंफून साखळी करतात आणि कावड हात देऊन वर ओढून घेतात. दांड्याच्या मधोमध दोन खांदे, एक डावीकडे, एक उजवीकडे. नियम एकच. नदीतून उचललेली कावड देवाच्या दारापर्यंत जमिनीला टेकता कामा नये. टेकली की ते पाणी देवाला चालत नाही.

आणि गेल्या वर्षी ती टेकली होती!

टेकवणारा म्हाळू माळी. एका खांद्याला तो, दुसऱ्याला गावचे वतनदार बाजीबा मोकाशी. घाटाच्या शेवटी ‘घसरी’ नावाचा गुळगुळीत कातळ आहे. तिथे म्हाळूच्या खांद्यावर एकाएकी असे ओझे आले की डोळ्यांपुढे अंधारी आली. ओरडावे, कुणाला तरी हाक मारावी, असे मनात आले खरे; पण कावडीचा मान मिळालेला माणूस ‘पेलत नाही’ असे चारचौघांत कसे ओरडणार? त्याने दात आवळले, गुडघे वाकले आणि कावड खडकावर टेकली. “टेकवली! म्हाळ्यानं कावड टेकवली!” अशी पहिली आरोळी मोकाशांनीच ठोकली. त्या वर्षी खडकवणीचे पाणी वाटेवरच्या एका चिंचेच्या बुंध्याशी ओतले गेले आणि अभिषेकाचा मान शेजारच्या गावाने नेला.

त्या दिवसापासून म्हाळूचे नाव पडले टेक्या. पाणवठ्यावर टेक्या, पारावर टेक्या. तो कुठे बसायला गेला की बाजीबा मोठ्यांदा म्हणत, “बस बस, टेकायची सवयच हाय तुला!” आणि पार खदखदून हसे. म्हाळू खाली मान घालून निघून जाई. माणूस एवढा खचला की विहिरीवरून घागर आणतानासुद्धा त्याचा हात थरथरू लागला. बायको सोजरा म्हणायची, “आवं, एकदा चुकला म्हणून काय जल्मभर तोंड लपवायचं?”

चैत्र उजाडला तसा म्हाळू महाराजांच्या कपारीत येऊन बसला. महाराजांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर घ्यायलाही कचरला.

महाराज म्हणाले, “यंदा घाटावर येणार ना रे?”

“कोणत्या तोंडानं येऊ, महाराज? मला माझीच खात्री वाटत न्हाई. हात लावंन तिथं नाट लागतंय.”

“खात्री कुणाला असते बाबा?” महाराज हसले. “मी रोज पहाटे उठतो तेव्हा वाटतं, आज देव माझं ऐकेल का? आपण खरंच त्याचे आहोत का, की नुसतीच भगवी छाटी पांघरून बसलोय? पण म्हणून अंघोळ करून आसनावर बसायचं मी सोडत नाही. खात्री येईल तेव्हा बसेन म्हटलं असतं, तर अजून तसाच उभा असतो.”

म्हाळू बघतच राहिला. एवढा मोठा साधू, आणि त्यालाही अशी शंका!

“तू चढ,” महाराज म्हणाले. “कावडीला हात लावू नको म्हणतात, तर नको लावू. पण चढ. आणि पेलेनासं झालं तर हाक मार. हाक मारायची लाज धरू नकोस.”

महाराजांचा शब्द मोडवेना म्हणून म्हाळू गेला. मनाची खुशी म्हणाल तर तसूभर नव्हती. त्याने पाठीवर पाण्याची पखाल घेतली आणि कावडीच्या मागून मुकाट चढू लागला. त्याला पाहताच बाजीबा कडाडले, “ए टेक्या! कावडीपास्नं लांब ऱ्हा. सावलीबी पडू देऊ नगस!” लोक हसले. म्हाळू दोन पावले मागे सरकला. हसणाऱ्यांत त्याचा सख्खा मेहुणाही होता, ते त्याने पाहिले आणि कान गरम झाले.

यंदा बाजीबांनी एक नवेच खूळ काढले होते. दांड्याखाली दुसरा खांदा त्यांना नकोच होता. “गावाचा डाग धुवायचाय मला. सोबतीला कुणी नगं,” असे म्हणून त्यांनी कावड एकट्याने उचलली. माणूस तालमीतला, धिप्पाड. अर्धा घाट ते खरोखर दिमाखात चढले. “हर हर महादेव”च्या गजराने डोंगर दणाणून गेला.

घसरी आली. ऊन चांगलेच तापले होते. बाजीबांनी उजवा पाय कातळावर रोवला, वरच्या माणसाने त्यांचा हात धरला, आणि घामाने तो हात सुटला. घोटा मुरगळून बाजीबा गुडघ्यांवर आले. दांडा मानेवर, दोन्ही हंडे हेलकावे खाताहेत, आणि खाली घाटभर माणसे. साखळी धरलेले गडी, त्यांच्यामागे डोईवर नैवेद्याच्या पाट्या घेतलेल्या बायका. कावड आता सुटली असती तर टेकली नसती, गडगडत खाली गेली असती आणि वाटेतल्या माणसांना घेऊन गेली असती. बायकांत सोजराही होती.

बाजीबांचे तोंड लालबुंद झाले, मानेच्या शिरा तटतटल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. सगळ्यांत जवळ होता म्हाळू. आणि म्हाळूचे पाय जागेवरून हलेनात.

मनात एकच. मी हात लावला आणि पुन्हा सुटली तर? गेल्या वर्षी पाणीच गेले, यंदा माणसे जातील. आपल्याहून कुणी बरा माणूस पुढे येईल, येईलच, म्हणून त्याने वर पाहिले, खाली पाहिले. कुणी हात सोडू शकत नव्हते. जो हात सोडील त्याच्याखालची साखळी तुटणार होती. मोकळा होता तो एकटा म्हाळू, कारण त्याला कावडीपासून दूर ठेवले होते!

खात्री आली नाही. हात थरथरतच होते. तशा थरथरत्या हातांनी त्याने पखाल फेकली आणि दांड्याखाली खांदा घातला. बाजीबा खालून सरपटत बाहेर पडले. सगळे ओझे म्हाळूवर आले. एक पाऊल निघाले, दुसरे निघाले, आणि पुन्हा तीच अंधारी, तेच वाकणारे गुडघे. पण या खेपेला त्याने दात आवळले नाहीत. तो सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला,

“धरा रं कुणीतरी! मला एकट्याला पेलत न्हाई! महाराज, धरा!”

काय सांगावे! हाक तोंडातून निघते न निघते तोच दांड्याच्या दुसऱ्या बाजूला खांदा लागला. कोण आले ते वळून पाहायला म्हाळूची मान मोकळी नव्हती. पलीकडचा श्वास मात्र त्याला ऐकू येत होता, सावकाश, नामाच्या लयीत. ओझे निम्मे झाले, मग निम्म्याहूनही कमी. घसरी कधी सरली ते कळले नाही. देवाच्या दारात पुजाऱ्यांनी हंडे उतरवून घेतले, तेव्हा म्हाळू मागे वळला. पलीकडे कुणीच नव्हते!

अभिषेक झाला. खडकवणीचे पाणी देवाच्या डोक्यावर पडले. लोक म्हाळूला मिठ्या मारू लागले, तर तो बापडा आणखीच ओशाळला. “म्या एकट्यानं न्हाई आणली,” एवढेच म्हणत राहिला, आणि गर्दीतून वाट काढत घाट उतरून कपारीकडे धावला. दोघांच्या आधाराने बाजीबा आधीच तिथे येऊन पोहोचले होते. पाय भोपळ्याएवढा सुजलेला आणि चेहरा पांढराफटक.

कपारीत सकाळपासून बसलेल्या म्हाताऱ्या बायका सांगत होत्या, “महाराज कुटं जात्यात? आमच्याफुडंच बसल्यात. मघाशी तेवढं जोरात ‘आलो’ म्हणाले न् डोळं मिटलं.” पण महाराजांची छाटी खांद्यावरून घसरली होती आणि त्या उघड्या खांद्यावर जाड दांड्याचा लालभडक वळ उमटला होता. कातडी सोलवटली होती. सर्वांच्या नजरा तिकडे जाताच महाराजांनी लगबगीने छाटी ओढून घेतली, जणू त्यांचीच काही चोरी पकडली गेली.

घाटात गुडघ्यांवरून दांड्याखालची महाराजांची पाठ एकट्या बाजीबांनीच पाहिली होती. ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि शांतपणे म्हणाले, “मोकाशी, माझ्याशी तुमचं काही नाही. ज्याच्याशी आहे, तो मागे उभा आहे.”

बाजीबा वळले. म्हाळूच्या मागोमाग सारे गाव तिथे जमले होते. सगळ्यांसमोर ते बोलले.

“गेल्या साली ह्याचा खांदा खचला न्हवता. माझा खचला. घसरीवर माझा दम संपला न् म्या गुपचूप खांदा काढला. सगळं वजन एकट्या ह्याच्यावर पडलं. ह्याला ते कळलं न्हाई. कुणाला कळायच्या आत म्हणून म्याच पयली बोंब मारली. आन् वरीसभर टेक्या टेक्या म्हणत ऱ्हायलो... चिडवायचं थांबलो असतो तर लोकांनी खरं काय झालं ते इचारलं असतं.”

एवढे बोलून त्या धिप्पाड माणसाने म्हाळूच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.

म्हाळूला संताप यायला हवा होता, आणि आला असता तर कुणी नावे ठेवली नसती. वर्षभराची ती खाली घातलेली मान, पारावरचे हसणे, सोजरेने पदराआड पुसलेले डोळे, सगळे त्याला आठवले. पण पायांवर पडलेले ते डोके थरथरत होते, आणि ते थरथरणे म्हाळूच्या फार ओळखीचे होते. त्याने विचारले,

“मालक, मग तवाच हाक का न्हाई मारली?”

“लाज वाटली रं.”

“मलाबी,” म्हाळू म्हणाला.

कुणी हसले नाही. पारावर मोठ्यांदा हसणाऱ्यांनी तर जमिनीकडे पाहिले. महाराजांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहू लागले.

बाजीबा उठायला गेले आणि सुजलेल्या पायावर भार पडताच कळवळून खाली बसले. त्यांची माणसे पुढे धावली. बाजीबांनी हाताने त्यांना थांबवले, आणि सगळ्या गावासमोर म्हाळूकडे हात पसरला.

“म्हाळबा, धर मला. माझ्यानं एकट्यानं चालवत न्हाई.”

आणि खडकवणीचे मोकाशी म्हाळू माळ्याच्या खांद्यावर हात टाकून, मान खाली घालून, भर गावातून घरी गेले.