पाटावर न आलेला खेळ

एकदा एक तबल्याचा विद्यार्थी तोंड पाडून आपल्या वृद्ध गुरुजींसमोर येऊन बसला. नाव हेरंब, वय तिशीचं, नोकरी उत्तम. एवढ्या मोठ्या माणसाला रडवेलं केलं होतं एका व्हिडिओ गेमनं! हसू नका. त्याची बहीण लग्न होऊन जबलपूरला गेली, तेव्हापासून तीन वर्षं, दर रविवारी ही दोघं आपापल्या घरी बसून त्या खेळात मिळून एक गाव उभारत होती. विहीर, देऊळ, चिंचेखालची शाळा, सगळं आपल्या हातानं केलेलं. आणि आता खेळ विकणाऱ्या व्यापाऱ्यानं जाहीर केलं होतं, की दिवाळीच्या पाडव्यापासून हा खेळ कायमचा बंद.

"बंद म्हणजे? तू तर विकत घेतलास ना?" गुरुजींनी विचारलं.

"घेतला की! पावती आहे माझ्याकडे. खेळ माझाच आहे."

"मग उद्या खंडेनवमी. ज्याचं जे साधन, ते पूजेला मांडायचं. तू तुझा खेळ आण. आणि ते व्यापारी आपल्याच गल्लीत राहतात, त्यांनाही प्रसादाला बोलाव."

दुसऱ्या दिवशी पाटांवर तबले-डग्गे ओळीनं मांडले होते. शेवटच्या पाटावर हेरंबचा लॅपटॉप. गुरुजी प्रत्येक वाद्याला गंध-फूल वाहत पुढं सरकले आणि लॅपटॉपपाशी थबकले.

"हा झाला लॅपटॉप. खेळ कुठाय?"

"आतच आहे, गुरुजी."

"बरं, इंटरनेट बंद कर आणि उघडून दाखव."

हेरंबनं तसं केलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'कंपनीशी संपर्क होत नाही.' गाव काही दिसेना.

गुरुजींनी मान डोलावली, तबक उचललं आणि सरळ व्यापाऱ्यापुढं जाऊन त्यांच्या कपाळी गंध लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, वर डोक्यावर अक्षताही टाकल्या! शिष्यमंडळी तोंडात रुमाल कोंबून हसू लागली. व्यापारी अगदी कानकोंडे झाले.

"अहो गुरुजी, मी काय हत्यार आहे का?"

"रागावू नका, शेटजी," गुरुजी म्हणाले. "आज पूजा वस्तूची. हेरंबची वस्तू पाटावर आलीच नाही, ती अजून तुमच्याच हातात आहे, म्हणून फूलही तुम्हालाच. हा माझा डग्गा पाहा. ज्यानं विकला, त्याला वारून तीस वर्षं झाली. वरची कातड्याची पुडी मी बदलून आणतो, ताल मी धरतो, आणि त्या भल्या माणसाची आठवण काढतो. याला म्हणतात विकत घेणं. हेरंबनं विकत घेतली ती फक्त तुमची मर्जी."

"पण सर्व्हर चालवायला माणसं लागतात हो! जन्मभर कसा चालवू?"

"नकाच चालवू. दुकान खुशाल बंद करा, तो तुमचा अधिकार. फक्त जाताना गिऱ्हाइकाच्या घरातला डग्गा उचलून नेऊ नका."

व्यापारी मनाचे वाईट नव्हते. माळ गळ्यात तशीच ठेवून त्यांनी लॅपटॉपवरची ती अक्षरं वाचली. मग म्हणाले, "खरं सांगू? हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यावाचून, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर चालेल असा खेळ करून देता येतो. कामाला असलेली मंडळी कुरकुरतील, पण पाडव्याच्या आत सगळ्यांना देतो."

त्यांनी शब्द पाळला. पाडव्याला कंपनीचा सर्व्हर बंद झाला. भाऊबीजेला बहीण माहेरी आली. ओवाळून होताच हेरंबनं इंटरनेटची वायर उपटली आणि खेळ उघडला. गाव जागच्या जागी होतं! बहिणीनं ओवाळणीचं पाकीट न उघडताच बाजूला सारलं आणि त्याला कोपरानं ढोसलं.

"सरक तिकडं. शाळेवर कौलं घालायची राहिलीत."