मागच्या चाकांचा वाद

घाटमाथ्यावरच्या एका गावात रंगनाथ आणि प्रल्हाद असे दोन सख्खे भाऊ राहत होते. वडिलांच्या मागे एक जुनी, काळी मोटार त्यांच्या वाट्याला आली होती. तिच्यावर दोघांचाही जीव, आणि तिच्यावरूनच रोजची वादावादी.

वाद होता मागच्या ब्रेकचा. मागच्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. प्रल्हाद म्हणे, "दादा, ते काढून नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक बसवू. आपली घाटातली गाडी आहे." रंगनाथ म्हणे, "आबांनी घेतली तशीच राहील. एक स्क्रू बदलायचा नाही." शेवटी ठरले, की घाटाखाली जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो, तिथले जाणकार सांगतील ते दोघांनी ऐकायचे.

ड्रम ब्रेक मधूनमधून आवळून घ्यावे लागतात. मेळावा जवळ आला तसा ब्रेकवरचा पाय खोल जाऊ लागला. दोघांनाही ते कळले. रंगनाथला वाटले, आत्ता गॅरेजला नेली तर हा म्हणेल, बघ, ड्रमचं नेहमीचंच रडगाणं. प्रल्हादला वाटले, आत्ता आवळले तर ब्रेक छान लागेल, मग डिस्क हवेत कोणाला? दोघांनीही तोंडाला कुलूप लावले. शहाणी माणसे मूर्खपणा करतात तेव्हा त्यांच्याकडे कारणे मात्र भक्कम असतात.

मेळाव्याच्या दिवशी गाडी कोणी चालवायची यावरूनही जुंपली. म्हणून रंगनाथची मुलगी केतकी स्टिअरिंगवर बसली आणि दोघे भाऊ मागे बसले.

उतार सुरू झाला. केतकी म्हणाली, "बाबा, ब्रेक खोल लागतोय का हो?"

"जुनी गाडी आहे. होईल सवय."

प्रल्हादने ते ऐकले. तरी तो खिडकीबाहेर बघत राहिला. उतार लांबलचक होता. ब्रेक तापत गेले आणि पाय आणखी खोल जाऊ लागला.

एका वळणापलीकडे रस्ताभर शेळ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारी. केतकीने ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला, गाडी धावतच राहिली. तिने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला. तोही सैल. एका अंगाला दरी होती. तिने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा खडकाला घासत गेला, काच फुटली, आणि म्हातारीपासून हातभरावर गाडी थांबली. म्हातारी मटकन खाली बसली.

 मग केतकीने मागे वळून विचारले, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

प्रल्हादने मान खाली घातली.

"आणि बाबा, तुम्हाला?"

रंगनाथचीही मान खाली गेली.

केतकीला रडू कोसळले. "म्हणजे माहीत नव्हतं ते मला एकटीला. आणि ब्रेकवर पाय माझा होता."

ती खाली उतरली आणि म्हातारीला उठवायला गेली. तिच्यामागे जायचे धैर्य दोघांपैकी एकालाही झाले नाही.

तात्पर्य: आपलेच म्हणणे खरे ठरावे म्हणून दिसलेला धोका लपवू नये. वाद कोणीही जिंको, जिवावर बेतते ते भलत्याच्याच.