ब्लेडएवढी फट

फार मागची गोष्ट आहे. अख्ख्या गावात एकच मोटरसायकल असायची, तेव्हाची.

घाटाच्या पायथ्याच्या एका गावात एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण राहायची. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तो तिला आक्का म्हणायचा. गावातली ती एक मोटरसायकल त्याची होती. दवाखाना घाट चढून वर होता, आणि आजारी माणसाला तिथे न्यायला दुसरं वाहन नव्हतं.

गाडी जुनी होती. चालताना तिच्या इंजिनातून बारीक टकटक यायची. पारावरची माणसं हसायची.

"आलं बघा शिलाई मशीन. माझ्या सदऱ्याचं माप घेतोस का रे?"

भाऊ हसण्यावारी न्यायचा, पण मनात खट्टू व्हायचा.

घाटावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला समजावलं होतं. "इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात, म्हणजे झडपाच. त्यांना वरून दाबतात ते टॅपेट. टॅपेट आणि झडप यांच्यात दाढीच्या ब्लेडच्या जाडीएवढी फट लागते. इंजिन तापलं की लोखंड वाढतं. फट नसली तर झडप पुरती मिटत नाही आणि जाळ तिची कड खातो. त्या फटीमुळे थोडं वाजलं तर वाजू दे, बाबा."

एका सकाळी इंजिन गार असताना भावाने घरीच अंगणात झाकण उघडलं. नट सैल केला, ब्लेड घातलं, स्क्रू हळूहळू फिरवला. ब्लेड किंचित अडखळत सरकायला लागलं, तेव्हा नट आवळला. काम अगदी बरोबर झालं होतं. टकटक कमी झाली, पण थोडी उरली. तेवढी उरायचीच.

तो पारावरून गेला. एकजण म्हणाला, "मशीनला तेल घातलंस वाटतं. पण शिवण चालूच आहे."

सगळे हसले. भाऊ तसाच घरी परतला. इंजिन गार होईपर्यंत बसून राहिला. मग पुन्हा झाकण उघडलं, ब्लेड बाजूला ठेवलं आणि फट पार मिटेपर्यंत स्क्रू पिळला.

आक्का दारातून बघत होती. "सकाळी झालं होतं ना रे?"

"आता नीट झालं, आक्का."

गाडी मुकी झाली. पारावर कोणी हसलं नाही. उलट एकाने मान डोलावली. भावाला फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी गाडी तापली की किक हलकी लागू लागली, पूर्वीसारखी पायाला अडेना. चढाला ती दमायची. भाऊ म्हणाला, पेट्रोल खराब असेल.

मग एका दुपारी शेतात आक्काच्या घोट्याला नाग चावला.

भावाने तिला मागे बसवलं, ती पडू नये म्हणून पंचा दोघांभोवती गुंडाळून बांधला आणि घाटाला लागला. पहिली दोन वळणं गाडी चढली. तिसऱ्या वळणाला तिचा जोर गेला. चौथ्याला ती थांबली.

त्याने किक मारली. पायाला काही अडलंच नाही, नुसती हवा दाबल्यासारखं झालं. तो मारत राहिला. पायाच्या नडगीतून रक्त आलं तरी मारत राहिला.

आक्काच्या पापण्या जड झाल्या होत्या. ती म्हणाली, "पुरे रे बाळा. बस जरा माझ्याजवळ."

त्याने तिला पाठीवर घेतलं आणि चालायला लागला. दवाखाना अजून सात वळणं लांब होता. दोन वळणं राहिली, तेव्हा पाठीवरचा श्वास थांबला. तरी तो तिला वरपर्यंत घेऊन गेला.

पुढे मिस्त्रीने इंजिन खोललं. एका व्हॉल्व्हची कड जळून उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. त्याने ती झडप भावाच्या तळहातावर ठेवली.

"माझ्यामुळेच का, मिस्त्री?" भावाने विचारलं.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. पण तो म्हणाला, "हो." आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

लेकरांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात असू द्या: बरोबर झालेलं काम लोकांच्या हसण्याला भिऊन बिघडवू नये.