तांबूची बुडी

नदीला अजून पूल ठाऊक नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. पाणमांजरांच्या पिल्लांना म्हातारे भिवाकाका डोहात बुडी मारून मासे धरायला शिकवत. त्या पिल्लांत तांबू सगळ्यात किरकोळ. पहिल्याच दिवशी ती धापा टाकत रिकामी वर आली, तेव्हा काका मायेनेच म्हणाले, "तुला नाही जमायचं, बाळ. तू आपली उथळ पाण्यात खेकडे धर." तांबूला ते खरंच वाटलं. तिने डोहाकडे जाणंच सोडलं.

पुढे काका आजारी पडले आणि सोनमावशी शिकवायला आली. तिने तांबूलाही डोहावर नेलं.

"तळाशी मासे आहेत. एक घेऊन ये."

"मावशी, मला नाही जमत."

"आज नसेल जमत. जा, मी आहे इथे."

तांबू रिकामीच वर आली. मावशीने तिला दम घेऊ दिला आणि पुन्हा पाठवलं. असं कितीतरी दिवस चाललं. मावशी वाट बघतेय, म्हणून तांबूही बुडी मारत राहिली. एका सकाळी ती तळाचा मासा तोंडात धरून वर आली.

बरे होऊन आलेले काका थक्क झाले. "हिला कोणती युक्ती शिकवलीस?"

"बुडीची युक्ती तुम्ही शिकवता तीच," मावशी म्हणाली. "मी फक्त ही मासा आणणार असं धरून बसले होते."

काठाशी आणखी काही पिल्लं बसली होती. त्यांनाही काकांनीच 'तुला नाही जमायचं' म्हणून तिथे बसवलं होतं. ते सावकाश उठले आणि त्यांच्याकडे निघाले.