ओढ्यापलीकडची भागाई

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत करवंदवाडी नावाचं एवढंसं गाव होतं. गोठ्यागोठ्यांत दुभत्या गाई होत्या, परसापरसांत पिवळीधमक शेवंती फुलायची. त्या गावात रेवू नावाची चिमुकली पोर राहायची. तापाच्या साथीत तिची आई गेली होती. लोकांचे गोठे झाडायचे आणि मिळेल ती शिळी भाकरी खायची, असं तिचं चाललं होतं. त्यातली अर्धी भाकरी मात्र ती रोज ओढ्यापलीकडे भागाईला नेऊन देई.

भागाई गावची सुईण. साथीत आजाऱ्यांजवळ कुणी फिरकत नव्हतं, तेव्हा हीच म्हातारी घरोघर जाऊन कपाळांवर ओल्या पट्ट्या ठेवत होती. तरी माणसं गेली. मग कुणीतरी म्हणालं, “हिच्या हातालाच अवदसा आहे,” आणि गावाने तिला ओढ्यापलीकडे हाकललं.

एके दिवशी भागाईला उठवेना. भाकरी घशाखाली उतरेना. “घोटभर दूध मिळालं तर बघ गं,” ती म्हणाली.

रेवू धावत गावात अनसाकाकूंकडे गेली; त्यांचा गोठा ती रोज झाडायची. चुलीवर दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

“काकू, वाटीभर दूध द्या ना. भागाईआजीसाठी.”

“तिच्यासाठी? माझ्या घरात तान्हं लेकरू आहे. तिचं नावसुद्धा काढू नकोस इथे!”

दार लागलं. मग दुसरं लागलं, तिसरंही.

रेवू रानात सोनचाफ्याखाली जाऊन हमसून हमसून रडू लागली. तेवढ्यात एक फूल लकाकलं आणि पाकळीवर इवलीशी परी उभी राहिली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे निळे-जांभळे झळकत होते, केसांत दवाचे टपोरे मणी होते.

“रडू नकोस, सोनुले. तुझी एक इच्छा मी पुरी करीन.”

“वाटीभर दूध दे!”

परीचे पंख मिटले. “माणसांच्या हातून होण्यासारखं असतं, ते मला करता येत नाही गं. दूध तर तुमच्या गावात आहे.”

“पण ते देत नाहीत!”

“हो. आणि माणसांच्या मनावर माझी कांडी चालत नाही.”

रेवू रिकाम्या हातांनी परतली. तिने भागाईचं डोकं मांडीवर घेतलं.

“माझ्यामुळे गेली का गं सगळी?” भागाईने विचारलं.

“नाही आजी. तू होतीस, म्हणून माझी आई एकटी नाही गेली.”

भागाईने तिचा गाल कुरवाळला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

सकाळी सगळं गाव आलं. कुणी नवं लुगडं आणलं, कुणी शेवंतीचे हार. “फार मायाळू होती हो,” बायका म्हणाल्या.

“मग काल का नाही आलात?” रेवूने विचारलं.

पुढे अनसाकाकूंचं तान्हं बाळ तापाने फणफणलं. वैद्यबुवांनी हात टेकले. भीतीने शेजारीपाजारी येईनासे झाले. रेवू अंगणाच्या कडेला उभी होती. ‘बरं झालं,’ तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. ती आत गेली. भागाई ठेवायची तशा ओल्या पट्ट्या बाळाच्या कपाळावर ठेवत राहिली. ताप उतरेना, तेव्हा ती सोनचाफ्याकडे पळाली.

“परी, बाळाला वाचव. हे कुणाच्याच हातून होत नाहीये.”

“त्या घराने तुला दूध दिलं नव्हतं, रेवू.”

“बाळाने कुठे नाही म्हटलं होतं?”

परीने तिच्या कपाळाची पापी घेतली. ती उडत घरात आली, पाळण्याभोवती फिरली. सोनेरी, गुलाबी, मोतिया उजेड घरभर सांडला, भांडीकुंडी चमचमली, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. बाळाने डोळे उघडले.

अनसाकाकूंनी रेवूला घट्ट जवळ घेतलं. “माझी चूक झाली गं. आता तू इथेच राहायचं. माझी लेक म्हणून.”

त्यांनी पाट मांडला, गरम गरम वरणभात वाढला, वर तुपाची धार धरली. किती दिवसांनी रेवू पोटभर जेवत होती! भात फार चांगला लागत होता. त्याचंच तिला रडू येत होतं.