अश्मकानं दरवाजा का उघडला

"पण त्यानं दरवाजा का उघडला, बाबा? एवढंच सांगा, मग मी जातो."

दस्तगीरबाबा चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणी?"

"अश्मकानं."

मी कट्ट्यावर बसलो होतो. निवृत्त मास्तर, दुपार खायला उठते, म्हणून रोज बाबांकडे चहाला. हे असलं नाव आमच्या पंचक्रोशीत कुणाचं नाही, तेव्हा मीही कान टवकारले.

विचारणारा हर्षवर्धन मगदूम, तिशीतला, शहरातल्या एका कॉलेजात शिकवणारा. त्यानं जे सांगितलं ते असं. ते चार मित्र दर रविवारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्या तिघांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. आपल्या माणसानं लढायचं की पळायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. गोष्ट सांगणारा अर्थातच मगदूम. राक्षसांनी वेढलेला किल्ला, पाच वर्षं चाललेला वेढा, आणि उत्तर दरवाज्यावरचा राखणदार अश्मक. हा अश्मक व्हायचा त्याचा मित्र, सन्मती चौगुले.

"माझ्या खेळात कारणाशिवाय पान हलत नाही," मगदूम म्हणाला. "प्रत्येक पात्राचा हेतू मी लिहून ठेवतो. कुणी काही करतो म्हणाला की मी आधी विचारतो, का? कारण पटलं तरच फासा."

हे सांगताना तो चांगलाच ताठ बसला होता. लोक फकिराकडे लेकरू मागायला येतात, नोकरी मागायला येतात. हा खेळातल्या माणसाचं कारण मागायला आला होता. मला हसू येणार होतं, पण पुढचं ऐकलं आणि आलं नाही.

पाच वर्षं अश्मकानं त्या दरवाज्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. गेल्या चैत्रातल्या एका रविवारी सन्मती म्हणाला, मी दरवाजा उघडतो. राक्षस आत शिरले, किल्ला पडला. त्यानंतर चौथ्या दिवशी सन्मती नदीवर गेला तो परत आला नाही. घरचे म्हणतात, पाय घसरला. पाहिलं कुणीच नाही.

बाबांचा हात चुलीशी थांबला.

सन्मतीला मीही ओळखत होतो. तो इथं यायचा. चहा प्यायचा, गप्प बसायचा. मी त्याला दोनदा पगाराचं आणि एकदा लग्नाचं विचारलं होतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

"तुमच्याशी तरी काही बोलला असेल," मगदूम म्हणाला.

"न्हाई."

"काहीच नाही?"

"बसायचा."

मगदूमनं पिशवीतून दोन कागद काढले. तीन महिने त्यांनी खेळ बंद ठेवला होता. आता उरलेल्या दोघांचं म्हणणं, गोष्ट अर्धी टाकू नये. येत्या रविवारी अश्मकावर खटला चालणार होता. ज्यानं किल्ला घालवला त्याची बाजू मांडायची कुणी? ते काम मगदूमनं अंगावर घेतलं होतं. त्याला अश्मकाचं कारण हवं होतं, असं तो म्हणत होता. खरं तर त्याला सन्मतीचं हवं होतं. तेवढं न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

त्यानं कागद वाचून दाखवले. दरवाज्याबाहेर वेढ्यात अडकलेल्या उपाशी बाया होत्या, कडेवर पोरं होती. त्यांचं रडं रात्रंदिवस एकट्या अश्मकाच्या कानावर पडत होतं, कारण दरवाज्याशी तोच उभा असायचा. शेवटी त्यानं दरवाजा उघडला तो त्यांच्यासाठी. राक्षस मागून घुसले. फार चांगलं लिहिलं होतं पोरानं.

"ब्येस लिवलंस," बाबा म्हणाले. "ह्यात दरवाजा कुणी उघडला?"

"अश्मकानं."

"न्हाई. ह्यो तू उघडलास."

मगदूमचा चेहरा पडला. मग तो चिडला. म्हणाला, कारण तर असलंच पाहिजे, आणि सांगणारा उरला नाही, तर मागे राहिलेल्यांनी शोधायचं नाही का? की अश्मक नुसता फितूर होता असं म्हणून मोकळं व्हायचं? सन्मतीच्या आईनं मला विचारलं, तुम्ही दर रविवारी त्याच्याबरोबर होता, तुम्हाला काही दिसलं नाही का... तिला मी काय सांगू?

बाबांनी त्याला बोलू दिलं. बोलून दमल्यावर विचारलं, "दरवाजा उघडतो म्हणला. म्होरं?"

"पुढं काही नाही."

"म्हंजे काय करत हुता?"

"माझ्याकडे बघत होता."

"किती येळ?"

मगदूम जमिनीकडे बघू लागला...

"बराच," तो म्हणाला.

"आनि तू?"

चुलीत एक ओली काटकी धुमसत होती. तिचा धूर आमच्या तिघांच्या डोळ्यांत जात होता, पण कुणी सरकलं नाही.

"मला राग आला होता, बाबा. पाच वर्षांची गोष्ट त्यानं एका वाक्यात मोडली होती. बाकीचे दोघं हसले. मी... मी फासा टाकला."

"इचारलं न्हाईस."

"नाही."

मघाचा ताठपणा कुठल्या कुठे गेला होता.

बाबांनी किटली उतरवली आणि तीन कपांत चहा ओतला. मग ते आपली हकीकत सांगू लागले. फकिरी घेण्याआधी बाबा रेल्वेचे फाटकवाले होते. ज्या गुमटीत ते राहतात ती त्याच फाटकाची. लाइन बंद पडली, रूळ उचलून नेले, फाटकही गेलं. बाबा राहिले.

हकीकत मला पाठ होती. ऐन दुपारी फाटक बंद असताना एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत अडलेली बाई होती. नवरा पाया पडला, फाटक उघडा म्हणाला. लांबवर रूळ मोकळे दिसत होते. बाबांनी फाटक उघडलं नाही. आगगाडी आली ती चाळीस मिनिटांनी. तोवर बाई तिथंच गेली, पोटातल्या लेकरासकट. साहेब चौकशीला आले आणि नियमाप्रमाणे वागला असं लिहून गेले. गावानं शिव्या घातल्या. बाबांनी हे सगळं एका दमात सांगितलं, आवाज न चढवता. दर वेळी ते तसंच सांगतात.

मगदूमनं कप खाली ठेवला.

"मग उघडलं का नाही?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बत्तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "हे कुणी इचारलं न्हवतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं मी या माणसाचा चहा पितोय. ही हकीकत मी सात-आठ वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी म्हणालोय, नियम म्हणजे नियम, बाबा, तुमचा काय दोष. मला वाटायचं, मी त्यांना धीर देतोय. खरं म्हणजे मला ते पुढं ऐकायचं नव्हतं.

मगदूम उत्तराची वाट बघत होता.

"नोकरी जाईल म्हणून?"

बाबा गप्प.

"गाडी आलीच तर, ही भीती?"

...

"नियम होता म्हणून? की त्या माणसाशी काही..."

बाबा नुसते त्याच्याकडे बघत होते. ना राग, ना रडू. मी पाच मिनिटं तरी मोजली असतील. चहावर साय धरली. बाबांचे ओठ एकदा हलल्यासारखे वाटले, पण शब्द आला नाही.

मगदूमला ते सोसेना. दुसऱ्या कुणाचं तरी तोंड त्याला समोर दिसत असणार, हे मला स्पष्ट कळत होतं. त्यानं कागदांची घडी घातली, ती पिशवीत कोंबली आणि तो उठला.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "नका सांगू. मला पाचची एस.टी. गाठायची आहे."

त्यानं एका पायात चप्पल सरकवली.

"बस की, बाळ..." बाबा म्हणाले. "मी अजून बोललो न्हाई."