शेवंताचा घेवडा

कोरेगावकडच्या एका गावात शेवंता नावाची आचारीण राहत होती. तिच्या घेवड्याच्या आमटीचं पंचक्रोशीत नाव होतं. रात्रभर भिजवलेला घेवडा, म्हणजे राजम्याचे सुके दाणे, ती सकाळी मोठ्या जाळावर खळखळून उकळायची आणि मग दुपारपर्यंत निखाऱ्यांवर मुरू द्यायची.

हैबतराव पाटलांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. तिला डोहाळे लागले होते ते या आमटीचेच. नेमका त्या दिवशी शेवंताला उठायला उशीर झाला. तिनं मोठा जाळ केलाच नाही. हंडा थेट निखाऱ्यांवर चढवला आणि भाकरी थापायला बसली.

दुपारी पंगत बसली. सुनेची वाटी भरताना शेवंतानं एक दाणा चेपून पाहिला. वरून मऊ, आत कच्चा. अर्धकच्चा घेवडा माणसाला आडवा करतो, हे तिला ठाऊक होतं. मसाल्यात कुणाला कळलंही नसतं. पण समोर पाटावर सात महिन्यांची गर्भारशी बसली होती. आणि बोलावं, तर वीस वर्षांचं नाव एका दुपारीत जाणार.

तिनं वाटी परत हंड्यात ओतली.

"आमटी वाढू नका. घेवडा कच्चा राहिलाय. चूक माझी हाय. मला थोडा वेळ द्या."

हैबतराव भडकले. "शंभर माणसं पानावर बसलीत, आन् तू थांबा म्हणतीस?"

"पाया पडते पाटील, खाऊ नका."

पाटलांनी ऐकलं नाही. स्वतःच वाटी भरून उभ्यानं संपवली. "बघा! काय झालं मला?" पंगत हसली.

शेवंतानं चुलीत लाकडं सारली. आमटी खदखदू लागली. ती ढवळत होती, पण डोळे पाटलांवर होते. त्यांना काही होऊ नये, असं तिला वाटे. आणि काहीच झालं नाही तर गाव आपल्याला जन्मभर हसेल, असंही मनात येई. मग ती स्वतःवरच चिडे. तास गेला. पानातल्या भाकरी गार झाल्या. सुनेची आई दोनदा येऊन विचारून गेली. शेवंतानं दाणा चेपला. अजून नाही.

दुसरा तास भरत आला आणि पाटील तोंडावर हात धरून गोठ्याकडे धावले. ओकाऱ्यांनी त्यांचे डोळे पांढरे झाले. हसणारी माणसं पानावरून उठून उभी राहिली. शेवंता धावत गेली, त्यांची पाठ चोळत बसली.

आमटी शिजली, माणसं जेवली. दिवस मावळताना पाटलांना जरा हुशारी आली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ठणठणीत होती.

"शेवंताबाई," ते हळूच म्हणाले, "तू गप बसली असतीस तर?"

शेवंतानं पदरानं डोळे पुसले.

तात्पर्य: नाव राखायला झाकलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, वेळीच कबूल केलेली चूक फक्त आपली मान खाली घालायला लावते.